सहा वर्षांचा शाकाहार

“भावोजी, माझा डावा पाय कुठे आहे?”

शिडीवरून आलेला हा प्रश्न ऐकून खाली भिंतीच्या भेगा बुजवायची लांबी कालवत बसलेल्या रंगाऱ्याला आधी हसूच आलं. त्याचा मेहुणा तसा थट्टेखोर. वर बघण्याचीही तसदी न घेता तो म्हणाला, “घरी विसरला असशील सकाळी.”

“नाही, खरंच विचारतोय. पायरीवर आहे का तो?”

आवाजात थट्टा नव्हती. रंगाऱ्याने मान वर केली. ती एका नृत्यशाळेची खोली होती. एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसे होते आणि त्यांच्यावर प्लास्टिकचा कागद अजून अर्धाच चिकटवून झाला होता. त्यामुळे जे दिसलं ते त्याला आधी आरशात दिसलं. वरून तिसऱ्या पायरीवर मेहुणा उभा होता, हातात ब्रश होता, आणि डावा पाय पायरीच्या चांगला वीतभर बाहेर, हवेत होता. त्या हवेतल्या पायावर तो निवांतपणे भार टाकत होता.

रंगारी उठेपर्यंत तो पडलाही. आधी बादली आली, मग तो आला. पांढरा रंग लाकडी जमिनीवर पसरला आणि त्यात मेहुणा मनगट धरून बसला. आपल्या पायाकडे बघत राहिला, जणू तो पाय दुसऱ्याच कुणाचा असावा.

या मेहुण्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे का बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. हा तसाच उंच, सडसडीत, ताठ. छत आणि भिंत जिथे मिळतात तिथे दोन रंगांची रेघ ओढायची तर बाकीचे रंगारी चिकटपट्टी लावतात. ओळंब्याला पट्टी लागत नसे. ब्रश टेकवायचा, श्वास रोखायचा आणि खोलीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत चालत जायचा. गेले सहा-सात महिने मात्र ती रेघ थरथरत होती. रंगारी काही न बोलता मागून फिरायचा आणि ओल्या फडक्याने ती सारखी करायचा.

दवाखान्यात मनगटाला प्लास्टर घातलं. आता घरी सोडतील असं दोघांना वाटत होतं. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंना पडण्यापेक्षा त्या प्रश्नातच जास्त रस दिसला. “पाय कुठे आहे असं का विचारलंत?” त्यांनी ओळंब्याला विचारलं.

“कळत नव्हतं म्हणून.”

त्यांनी त्याला उभं केलं, पाय जुळवायला सांगितले आणि डोळे मिटायला लावले. डोळे मिटताक्षणी तो झुलायला लागला आणि पडणार तोच नर्सने त्याला धरलं. मग त्यांनी लोखंडाचा एक दुतोंडी चिमटा टेबलावर आपटून त्याच्या घोट्याला लावला. “काय जाणवतंय?”

“गार लागतंय.”

“थरथर जाणवते?”

“थरथर कसली?”

तोच चिमटा त्यांनी रंगाऱ्याच्या घोट्याला लावला. पायात मधमाशी शिरावी तशी गुणगुण थेट हाडात गेली आणि रंगारी दचकला. ओळंबा त्याच्या तोंडाकडे बघत होता. त्याला यातलं काहीच जाणवलं नव्हतं.

“खाता काय तुम्ही?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर द्यायला रंगारी एरवीही एका पायावर तयार असायचा. तोच पुढे सरसावला. “शुद्ध शाकाहार. साडेतीन वर्षं. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूधसुद्धा नाही. खाण्याच्या बाबतीत तुम्ही अगदी निर्धास्त राहा. मीच लावलंय त्याला.”

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.

हे ‘मीच लावलंय’ म्हणजे काय, ते सांगायला हवं.

सहा वर्षांपूर्वी रंगारी पंचेचाळिशीचा होता. पोट सुटलेलं, दोन जिने चढला की धाप लागायची. त्याचे वडील बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले होते, म्हणून डॉक्टरांनी त्याला मांस जरा कमी करा असं सांगितलं होतं. रंगाऱ्याने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं. पण त्याच महिन्यात त्याला शहराबाहेरच्या एका कत्तलखान्याची कचेरी आणि मागचा व्हरांडा रंगवायचं काम मिळालं. अकरा दिवसांचं काम होतं. शेवटच्या दिवशी व्हरांड्याच्या कठड्यातून एका वासराने डोकं बाहेर काढलं आणि त्याचा तळहात चाटला. हाताला ओला रंग होता. रंग पोटात गेला तर बाधेल म्हणून रंगारी पाणी घेऊन आला आणि ओल्या फडक्याने त्या वासराची जीभ पुसत बसला. वासरू गप्प उभं राहिलं. रंगारी जेवून परत आला तेव्हा ते तिथे नव्हतं.

“मी त्याची जीभ पुसत होतो गं,” त्याने घरी आल्यावर बायकोला सांगितलं. “त्याला बाधू नये म्हणून.”

त्या दिवसापासून त्याने मांस सोडलं. आणि त्याचा स्वभाव असा, की एकदा सोडलं म्हणजे पार मुळापासून. मासे गेले, अंडी गेली, आणि वासराचं म्हणून दूधही गेलं. वर्षभरात पोट आत गेलं, धाप थांबली. रक्तदाब पोरासारखा झाला. मग मात्र त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. दुपारच्या सुट्टीत रंगाच्या डब्यावर बसून तो प्रवचन द्यायचा. नळ दुरुस्त करणारा, रंगाच्या दुकानाचा मालक, खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई, कुणालाही त्याने सोडलं नाही. “माझ्याकडे बघा,” असं म्हणून तो शर्ट वर करून सपाट पोट दाखवायचा. मास्तरीणबाईंनी तर पोट बघायच्या आधीच होकार दिला.

ओळंबा एकटा जीव. लग्न टिकलं नव्हतं, स्वयंपाकाची आवड नव्हती. भावोजींवर मात्र त्याचा अपार विश्वास. रंग कालवायला त्यांनीच शिकवलं, शिडी धरायला त्यांनीच शिकवलं, मग खायलाही त्यांनीच शिकवावं, एवढा सरळ त्याचा हिशेब. त्याने सगळं सोडलं आणि पाव, जाम, भात, उकडलेले बटाटे यांच्यावर दिवस काढू लागला. वर्षभरापूर्वी पायाला मुंग्या यायला लागल्या तेव्हा तो म्हणाला होता, “भावोजी, अंगात काही त्राणच राहिलं नाही हो.” आणि रंगाऱ्याने त्याच्या पाठीवर थाप मारून सांगितलं होतं, “जुनी घाण निघतेय शरीरातली. निघू दे.”

डॉक्टरीणबाईंनी ओळंब्याचं रक्त घेतलं आणि त्याला दवाखान्यातच ठेवून घेतलं. रक्ताचा अहवाल तिसऱ्या दिवशी आला. दवाखान्यात त्या दिवशी रंगाऱ्याची बायकोही होती. ओळंब्याची ती सख्खी थोरली बहीण. शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. दोनशे पोरांच्या पोटात त्यांच्या नकळत पालक कसा ढकलायचा हे तिच्याइतकं कुणालाच जमत नसे.

डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर ठेवला. “प्रयोगशाळेला वाटलं त्यांचंच काही चुकलं, म्हणून त्यांनी पुन्हा तपासलं. यांच्या अंगात बी-बारा जवळजवळ नाहीच. नसांवरचं आवरण झिजलंय. पायांचे निरोप मेंदूपर्यंत पोचत नाहीत.”

“हे कशाने झालं?” रंगाऱ्याने विचारलं.

“न मिळाल्याने. ते मांसात असतं, अंड्यात, दुधात असतं. भाजीपाल्यात नसतं. हे सगळं सोडणाऱ्याने गोळी घ्यायची असते. शरीरात साठा असतो तो दोन-तीन वर्षं पुरतो. तोवर माणसाला वाटतं, आपलं छान चाललंय.”

“गोळी?” ओळंबा म्हणाला. “कसली गोळी?”

रंगारी खुर्चीत ताठ झाला. “बाई, राग मानू नका. पण हे मला पटत नाही. मी सहा वर्षं तेच खातोय. एक गोळी घेतलेली नाही. रोज शिडी चढतो. मला का नाही झालं?”

“तेच मलाही कळत नाहीये,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तुमचंही रक्त देऊन जा.”

“आत्ता देतो,” असं म्हणून त्याने बाहीसुद्धा वर केली. बायको त्याच्या शेजारी बसली होती. तिने मांडीवरची पिशवी एवढी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. रंगाऱ्याला वाटलं, भावाच्या काळजीने असेल.

दोन दिवसांनी त्याच खोलीत त्याच खुर्च्यांवर ते बसले. फक्त ओळंब्याची खुर्ची रिकामी होती. तो आत इंजेक्शन घेत होता. डॉक्टरीणबाईंनी रंगाऱ्याचा अहवाल दोनदा वाचला, चष्मा काढून तिसऱ्यांदा वाचला.

“उत्तम आहे,” त्या म्हणाल्या.

रंगाऱ्याने बायकोकडे बघितलं. बघितलंस, असा त्याचा चेहरा होता.

“जरा जास्तच उत्तम आहे. आठवड्यातून दोन-तीनदा मांस खाणाऱ्या माणसाचं असावं तसं आहे. तुम्ही खरंच काही घेत नाही? एखादं टॉनिक, पावडर?”

“पाण्याशिवाय काही नाही.”

“मग तुम्हाला हे कुठून तरी मिळतंय.”

“माझ्याकडून मिळतंय,” बायको म्हणाली.

ती इतकी हळू बोलली की डॉक्टरीणबाईंना ‘काय?’ म्हणून पुन्हा विचारावं लागलं.

“माझ्याकडून. डाळीतून. मी कलेजी उकडून वाटते आणि डाळीत मिसळते. आठवड्यातून दोनदा. वर कांदा खरपूस भाजून घालते आणि मिरी जास्त घालते, म्हणजे कळत नाही.”

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं.

“कधीपासून?” रंगाऱ्याने विचारलं. त्याचा आवाज अगदी साधा होता, रंग वाळला का असं विचारावं तसा.

“चौथ्या महिन्यापासून.”

म्हणजे सहा वर्षांतले पहिले तीन महिने काय ते त्याचे. तो उठला. टोपी टेबलावरच राहिली. दाराबाहेर हात धुवायचं बेसिन होतं, तिथे त्याने चूळ भरली. मग आणखी एक. मग भिंतीवरच्या बाटलीतला हात धुवायचा साबण तळहातावर घेतला आणि बोटाने जीभ घासू लागला. आत-बाहेर करणारी माणसं थबकून बघत होती. फेस हनुवटीवरून शर्टावर गळत होता. तो घासतच राहिला. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन नळ बंद केला तेव्हा कुठे तो थांबला.

घरापर्यंत दोघं चालत गेले, पण एका फुटपाथवरून नाही. तो या बाजूने आणि ती त्या बाजूने.

घरी आल्यावर त्याने आरडाओरडा केला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि डाळीच्या पातेल्याकडे बघत म्हणाला, “सगळ्यांना सांगत होतो मी, डाळीत केवढी ताकद असते म्हणून.”

“बसा तरी.”

“तुझ्या डाळीसारखी चव कुठे नाही म्हणत होतो. ती चव त्याचीच होती?”

तिने खोटं बोलायचं ठरवलं असतं तरी जमलं नसतं. “हो,” ती म्हणाली.

तो भिंतीला टेकून खाली बसला. ती ओट्यापाशी उभी राहून बोलायला लागली. तीन महिने तुम्ही पाव आणि बटाटे खात होता, ती म्हणाली. वजन भसाभसा उतरत होतं. एकदा टपालघराचं छत रंगवताना तुम्हाला चक्कर आली आणि तुम्ही शिडीला मिठी मारून अर्धा तास उभे होता. ते तुम्ही मला सांगितलंही नाहीत, मला माझ्या भावाकडून कळलं.

“मग माझ्याशी बोलायचंस.”

“बोलले होते. निदान दूध घ्या म्हणाले, तर तुम्ही ताट सरकवून उठलात. दोन दिवस जेवला नाहीत. कँटीनमध्ये पोरं पालक खात नाहीत तेव्हा मी त्यांच्याशी वाद घालत बसते का? वाटून घालते. तेच केलं.”

“मी पोर आहे?”

“नाही,” ती म्हणाली. “पण मला माणूस जिवंत हवा होता.”

तो फरशीच्या सांध्यावर बोट फिरवत राहिला. मग एकदम त्याचं बोट थांबलं. “आणि तुझा भाऊ? त्याने माझ्याकडे बघून सगळं सोडलं तेव्हा तुला माहीत होतं. मी कशावर उभा आहे ते तुला माहीत होतं.”

“मी त्याला विचारलं होतं, दूध तरी घेतोस ना. तो हो म्हणाला.”

“तो सगळ्यांनाच हो म्हणतो. तुला ठाऊक नाही?”

ती खाली बसली. “ठाऊक होतं,” ती म्हणाली. “गेल्या वर्षी त्याच्या हातून कप पडला, तेव्हाच मला शंका आली होती. पण त्याला सांगितलं असतं तर तुम्हाला कळलं असतं. आज सांगू, उद्या सांगू, करत राहिले.” आपण काय बोललो ते तिचं तिलाच तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं असावं, कारण तिने तोंडावर हात घेतला आणि डोळे विस्फारून नवऱ्याकडे बघत राहिली. रंगाऱ्यालाही तेव्हा कळलं की आपला धक्का हा या घरातला लहान धक्का आहे.

ओळंब्याला तिनेच सांगावं असं त्याने म्हटलं, आणि तिनेही ते मान्य केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या खाटेशी उभं राहून तिने सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. ओळंबा उशीला टेकून ऐकत होता. प्लास्टरचा हात छातीवर होता.

“म्हणजे,” तो सावकाश म्हणाला, “मी भावोजींकडे बघून बटाटे खात होतो, आणि भावोजी कलेजी खात होते.”

“मला माहीत नव्हतं रे,” रंगारी म्हणाला.

“तुम्हाला माहीत नव्हतं, हेच तर.” ओळंबा हसायला लागला. आधी हळू, मग खदखदून. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कारण न कळताच त्याच्याबरोबर हसू लागला. हसता हसता मनगट दुखलं तसा तो थांबला आणि बहिणीकडे वळला. “ताई, कप पडला तेव्हा तू होतीस समोर. काचा तूच गोळा केल्यास.”

“हो.”

“तू आता जा.”

ती गेली. पुढे तीन आठवडे तो तिच्याशी बोलला नाही. ती रोज यायची, बाहेरच्या बाकावर तासभर बसायची आणि परत जायची.

रंगारी मात्र थांबला. डॉक्टरीणबाई फेरीला आल्या तेव्हा त्याने मनात सलणारी गोष्ट विचारून टाकली. “म्हणजे आता याने मांस खायला लागायचं?”

“त्यांची इच्छा आहे का?”

“नाही,” ओळंबा म्हणाला. “आता नको वाटतं. सवय गेली.”

“मग नका खाऊ. मी वीस वर्षं खाल्लेलं नाही.”

दोघांनी एकदमच त्यांच्याकडे बघितलं. त्या चांगल्या धडधाकट होत्या. सकाळपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने खाली-वर करत होत्या.

“आठवड्याला एक गोळी घेते आणि वर्षातून एकदा रक्त तपासते. जेवणात रोज कडधान्य असतं, मूठभर दाणे, पालेभाजी, आणि वर काहीतरी आंबट फळ, म्हणजे लोह अंगी लागतं. पाव आणि बटाटा याला मी शाकाहार म्हणत नाही, त्याला उपासमार म्हणते.” त्यांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. गोळी मसुराच्या दाण्याएवढी होती. रंगाऱ्याने ती हातात घेतली आणि उलटसुलट करून बघितली. एवढीशी गोळी. ही माहीत असती तर बायकोला काही लपवावं लागलं नसतं, आणि हा पोरगा पाय शोधत शिडीवरून पडला नसता. सहा वर्षं तो जगाला शहाणपण शिकवत होता आणि एकदाही कुणा डॉक्टरला विचारायला गेला नव्हता.

त्या संध्याकाळी तो मांसाच्या दुकानासमोर उभा राहिला. मनात म्हणाला, इतकी वर्षं खाल्लंच आहे, मग आता सोवळं कशाला. दुकानदाराने काय हवं म्हणून विचारलंही. रंगाऱ्याने काचेमागच्या ट्रेमध्ये बघितलं. कलेजी तपकिरी-लाल होती, ओली होती, चमकत होती. ती इतक्या वेळा आपल्या अंगात गेली याचं त्याला नवल वाटलं, आणि त्या नवलात किळस होती, दुःखही होतं. काही न घेता तो वळला. घरी जाऊन त्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेभोवती गोल काढला. त्याचा शाकाहार त्या दिवशी सुरू झाला.

मग त्याने एक अवघड काम अंगावर घेतलं. ज्यांना ज्यांना प्रवचन दिलं होतं त्या सगळ्यांकडे तो गेला. दारातच उभा राहून सांगायचा, “मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. मी शाकाहारी नव्हतो. रक्त तपासून घ्या.” लोक त्याला आत बोलवायचे, पाणी द्यायचे, सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकायचे. नळवाला म्हणाला, “मी तर तुझ्यासमोर मान हलवायचो आणि कोपऱ्यावर जाऊन अंडी खायचो.” रंगाच्या दुकानाच्या मालकाने कबूल केलं की त्याचा शाकाहार एका मंगळवारी सुरू झाला आणि बुधवारी संपला. रंगाऱ्याला वाईट वाटायला हवं होतं, पण त्याला हायसं वाटलं. आपलं कुणीही ऐकलं नाही याचा माणसाला इतका आनंद होऊ शकतो, हे त्याला नव्याने कळत होतं.

मास्तरीणबाईंनी मात्र ऐकलं होतं. एकसष्ट वर्षांच्या, शिस्तीच्या. त्यांनी पाच वर्षांत दुधाचा थेंब घेतला नव्हता. दार उघडायला आल्या तेव्हा त्यांनी चालताना भिंतीला हात लावलेला होता. “हे कधीपासून?” त्याने विचारलं.

“भिंत धरायचं? झाले पाच-सहा महिने. वय झालं आता.”

“वय नाही झालं,” तो म्हणाला. “चपला घाला. आत्ता जायचं.”

त्यांचंही रक्त तसंच निघालं. पण वेळ गेलेली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आणखी सहा महिने थांबल्या असत्या तर सांगता येत नव्हतं. महिनाभराने मास्तरीणबाई भिंत न धरता जिना उतरल्या. त्यांनी रंगाऱ्याला दारात गाठलं आणि म्हणाल्या, “तुझ्यामुळे आजारी पडले आणि तुझ्यामुळेच बरी झाले. तुला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही. सुचलं की सांगेन.”

ओळंबा तेवढा बरा झाला नाही. इंजेक्शनांनी अंगात ताकद आली, चेहऱ्यावर रंग आला, जीभ लालभडक झाली होती ती साधी झाली. पण तळपाय पूर्ण जागे झाले नाहीत. कापसावर उभं असल्यासारखं वाटतं, तो सांगायचा. डॉक्टरीणबाईंनी शिडी कायमची बंद केली. तो पुन्हा कामावर आला तेव्हा रंगाऱ्याने खोली वाटून दिली. छातीच्या वरचं सगळं रंगाऱ्याचं आणि खालचं सगळं ओळंब्याचं. दारं, चौकटी, खिडक्यांचे गज. तो स्टुलावर बसून काम करायचा. पहिल्या दिवशी रंगाऱ्याला त्याच्याकडे बघवेना. तो शिडीवर चढला आणि छताकडे तोंड करून म्हणाला, “घाण निघतेय असं मी तुला म्हणालो होतो.”

“हो.”

“कुठून सुचलं मला ते?”

“तुम्हाला काहीही सुचतं, भावोजी,” ओळंबा चौकटीला पॉलिश पेपर मारत म्हणाला. “विश्वास मी ठेवला. खाली बघून बोला, माझ्या डोक्यावर रंग सांडतोय.”

बहिणीशी तो चौथ्या आठवड्यात बोलला होता. फार काही नाही. बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला की मला स्वयंपाक शिकव, पाव खाऊन कंटाळा आला. ती शिकवायला जायला लागली. आधीचं काही विसरलं गेलं असं मात्र नाही. एखादा कप त्याच्या हातातून निसटला तर काचा तो तिला उचलू देत नसे.

घरात मात्र रंगारी स्वतःचं स्वतः करून खात होता. भाजी करपायची, डाळ एक तर पाणी नाही तर दगड. बायको दुसऱ्या बाजूला आपलं जेवायची. मीठ कमी आहे हे तिला वासावरून कळायचं, पण ती बोलायची नाही. पाच महिने असे गेले. सहाव्या महिन्यात त्याचं रक्त तपासलं. गोळी चालली होती, सगळं जागच्या जागी होतं. या वेळचा अहवाल खरोखरच त्याचा स्वतःचा होता. दवाखान्यातून बाहेर पडताना ती शेजारी होती. रस्ता ओलांडल्यावर तिने विचारलं, “आज मी केलं तर खाल?”

“खाईन,” तो म्हणाला. “पण मी तिथे बसणार.”

“बसा.”

त्याने स्टूल ओढून ओट्याजवळ घेतलं. तिने मसूर निवडले, धुतले, पाणी बदललं. हातात घेतलेली प्रत्येक गोष्ट ती आधी त्याच्यासमोर धरायची, मगच पातेल्यात टाकायची. हे मीठ. ही हळद. हा टोमॅटो. पहिल्यांदा तिच्या आवाजात राग होता, मग तो गेला. एकदा तिने रिकामा चमचाही धरून दाखवला. तो हसला नाही, पण हसू आवरायला त्याला तोंड फिरवावं लागलं.

डाळ बरी झाली होती. आधीची ती चव नव्हती. दोघांनाही ते कळलं आणि दोघांनीही वाटी पुसून खाल्ली.

त्यानंतर वर्ष झालं. ती स्वयंपाकाला लागली की तो अजूनही स्टूल ओढतो. कधी लसूण सोलतो, कधी नुसता बसतो. तो पहारा करायला बसतो की सोबतीला, हे तिने एकदा विचारलं होतं. त्याने खरं तेच सांगितलं, की अजून दोन्ही आहे. ती म्हणाली, “असू दे,” आणि आच कमी केली.